पाठमोरी हरणं

माझ्या नवऱ्याला आईसाठी काही करावंसं वाटलं की तो आधी मोबाइलवर फोटो शोधतो. एका माळरानावरच्या लॉजचाही त्याने आधी फोटोच पाहिला. पडवीत वेताची खुर्ची, तिपाईवर चहाचा कप, आणि कपाच्या पलीकडे काळवीट. पिळदार शिंगं, ताठ मान, सरळ आपल्याकडे बघणारं. रत्नपालने तो फोटो पुण्याहून जनवाड्याला आईला पाठवला आणि लगेच फोन लावला.

"माय, बघितलीस का?"

"बघितले की. हे खरंच आसं हुबं ऱ्हातंय व्हय?"

"ऱ्हातंय की."

"किती येळ?"

तिथंच मी ओळखलं, की आता जावंच लागणार. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मंगलआत्यांनी, आजवर कशाचीच एवढी चौकशी केली नव्हती. साडी घ्या म्हटलं तर रंगसुद्धा विचारत नाहीत.

आत्यांचं आणि हरणांचं जुनं आहे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या आणि माझे सासरे ज्ञानोबा लोकांच्या शेतांची राखण करायचे. हरभरा वर आला की माळावरचे कळप रानात उतरायचे. एकाने शेतातल्या उंच माळ्यावर बसून लक्ष ठेवायचं, डबा बडवायचा. दुसऱ्याने खाली बांधावरून ओरडत पळायचं. सासऱ्यांचा गुडघा अधू, म्हणून माळा त्यांच्याकडे आणि पळणं आत्यांकडे. पुढे स्वतःचं रान झालं, रत्नपाल शिकून इंजिनियर झाला, तरी कामाची वाटणी तीच राहिली.

"जलमभर हरणाची पाठच बघितले बाई मी," आत्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "मी दिसले की ते पळायलंच. तोंड कसं आसतंय ठावं न्हाई. हे माळ्यावरून बघायचे. लय देखणं आसतंय म्हणायचे, तुला एकदा दाखवतो म्हणायचे." ते एकदा कधी आलं नाही. सासऱ्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

रत्नपालचा हिशेब साधा होता. आईने पळायचं तेवढं पळून झालं. आता दोन दिवस तिने बसायचं आणि हरणांनी यायचं. हरणांची संमती तेवढी घ्यायची राहिली होती.

लॉज जनवाड्याहून फार लांब नव्हताच. "येवढ्याला गाडी कामून केलास?" असं आत्या उतरेपर्यंत म्हणत होत्या. फाटकाशी सिमेंटचं काळवीट उभं होतं. आत्या आधी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्याचं तोंड निरखत राहिल्या.

"आसंच आसतंय का हो?" त्यांनी गाइड सिद्धप्पाला विचारलं.

"न्हाई अक्का," सिद्धप्पा म्हणाला. "पेंटरच्या घरी बैल हाय. त्येला बघून रंगवलाय."

खोलीला पडवी होती, पण खुर्ची प्लास्टिकची होती आणि समोर जनरेटर. रत्नपाल मोबाइल घेऊन थेट मॅनेजर बसवंतप्पांकडे गेला. मीही मागे गेले. अशा वेळी नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

"हा फोटो कुठला आहे?"

"फोटो समजण्यासाठी असतो सर," बसवंतप्पा म्हणाले. "काळवीट निसर्गाच्या हातात. आमच्या हातात चहा. पाठवू का?"

चहा आला. आत्यांनी तो जनरेटरकडे बघत घेतला आणि छान आहे म्हणाल्या. आत्या चहाला छान म्हणाल्या म्हणजे दुसरं काही छान नव्हतं. सोबत आणलेली भाकरी त्यांनी खोलीतच खाल्ली, आमच्या पलंगावरची चादरही नीट केली, आणि उन्हं उतरायच्या कितीतरी आधीच चपला घालून दारात बसून राहिल्या. मला वाटतं, माझ्या लग्नातसुद्धा त्या इतक्या लवकर तयार झाल्या नव्हत्या.

संध्याकाळच्या फेरीला जीपमध्ये आमच्याबरोबर हैदराबादचं एक कुटुंब होतं. वडिलांच्या गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा, मुलांच्या हातात चिप्सची पाकिटं. सिद्धप्पाने सगळ्यांना बजावलं, की हरीण दिसलं तर श्वाससुद्धा हळू घ्यायचा. आत्यांनी तेव्हापासूनच श्वास हळू घ्यायला सुरुवात केली.

बराच वेळ गवतच दिसलं. मग टिटव्या दिसल्या, मग पुन्हा गवत. पाकिटं रिकामी झाली. रत्नपाल दर वळणावर आईकडे अशा नजरेने बघत होता, जणू हरणं त्यानेच घरून आणायची विसरली होती.

परतीच्या वाटेवर सिद्धप्पाने एकाएकी इंजिन बंद केलं. उजवीकडच्या गवतातून कळप बाहेर येत होता. पुढे काळा नर, मागे माद्या. आत्या पुढच्या सीटवर होत्या. नर अजून एका बाजूनेच दिसत होता. आणखी चार पावलं टाकून त्याने मान वळवली असती, तर आत्यांना तो समोरून दिसला असता. पण पलीकडे काशप्पा नावाच्या शेतकऱ्याचा हरभरा होता. नराने आमच्याकडे न बघता बांधाकडे तोंड केलं आणि पुढचा पाय हरभऱ्यात ठेवला.

"हुऽऽर्र! हाऽऽऽ!"

जीप हादरली. हैदराबादच्या साहेबांचा कॅमेरा गुडघ्यावर आपटला. कळप उंच उड्या घेत माळावर पसरला आणि दिसेनासा झाला.

"कौन चिल्लाया जी?"

आत्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

"माय, काय करायलीस?" रत्नपाल कुजबुजला.

"मी न्हाई केले रे. तोंडानंच केलं."

सिद्धप्पाला हसू आलं, ते त्याने खोकल्यावर ढकललं. मला मात्र हसू आलं नाही. आत्या अजून त्या मोकळ्या झालेल्या बांधाकडे बघत होत्या.

सकाळच्या फेरीला त्या येईनात. "तुमी जावा. मी आले की बिघडतंय," म्हणून पलंगावर पाय घेऊन बसल्या. रत्नपाल बाहेर जाऊन पुन्हा बसवंतप्पांशी फोटोवरून बोलायला लागला. त्याला आईशी वाद घालता येत नाही, म्हणून तो मॅनेजरांशी घालतो.

"आत्या," मी म्हटलं, "पदर तोंडात धरून बसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन तरी बी निघालं तर?"

"तर मी तुमचं तोंड दाबते. सासूचं तोंड दाबायची संधी रोज कुठं मिळते?"

त्या उठल्या.

हैदराबादचं कुटुंब झोपलेलं होतं, त्यामुळे जीपमध्ये आम्हीच. धुकं होतं. सिद्धप्पाने गाडी सरळ त्याच बांधाशी नेऊन उभी केली. कळप हरभऱ्यात होता. आमच्या सगळ्यात जवळ होता तो नर. खाली मान घालून चरत होता. आत्यांनी पदर दातांत धरला.

नराने मान वर केली.

मी हरणाकडे थोडंच बघितलं. मी आत्यांकडे बघत होते. त्यांच्या टाचा गाडीच्या पत्र्यावर रेटल्या गेल्या होत्या, पळायला निघाल्यासारख्या. एका हाताने समोरचा गज घट्ट धरला होता. डोळे मिटायचं विसरून त्या बघत होत्या. तोही बघत होता, हरभरा चावत, निवांत. पदराआडून आत्या काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही; मला उद्देशून नसावंच ते.

तेवढ्यात पलीकडून डबा वाजला. एक बाई ओरडत बांधावरून पळत आली. नर वळला, कळप उधळला.

"श्रीदेवीअक्का," सिद्धप्पा वैतागून म्हणाला, "गेस्ट बसलेत गाडीत. जरा दम धरायचा."

"तुज्या गेष्टाला हरणं दाखवू का काशप्पाचा हरभरा राखू?" बाई म्हणाली. "तेला तू सांगणार हाईस का, गेष्टानं खाल्ला म्हणून?"

रत्नपाल आईकडे वाकला होता. "माय, दिसलं का? समोरून दिसलं ना?"

"दिसलं," आत्या म्हणाल्या आणि गाडीतून खाली उतरल्या. सिद्धप्पा मागून म्हणत राहिला, उतरायची परवानगी नाही, परवानगी नाही. मीही उतरले.

भांडायला कोणी आलंय असं वाटून श्रीदेवीने डबा छातीशी धरला. आत्यांनी तिला एकच विचारलं.

"तू कधी समोरून बघितलीस का गं त्याला?"

"कोण बघंल अक्का? दिसलं की पळायलोच की आमी."

"डोळ्याभवती पांढरं आसतंय. चुन्याचं बोट फिरवल्यावानी." आत्यांनी स्वतःच्या डोळ्यांभोवती बोट फिरवलं. "आन पळायच्या आधी जरा बघतंय आपल्याकडं. लगीच न्हाई पळत."

श्रीदेवी हसली. "लय कौतिक सांगायलाव."

"आमचे मालक माळ्यावर आसायचे. डबा उशिरा वाजवायचे. मी लय भांडायची, झोपलाव का म्हणून." आत्या थांबल्या. "झोपत नसतील."

मग आत्यांनी तिच्या हातातला डबा घेतला, काठी घेतली.

"जा, त्या बोरीच्या आड बस. येतंय ते परत, हरभऱ्याला सवकलेलं हाय. हरभऱ्यात पाय ठेवायच्या आत मी हाकलते. तवर बघून घे."

"अवो, कोण काय म्हणंल?"

"मी हाय की. बस जा."

गाडीतून रत्नपालने हाक मारली, नाश्ता नऊपर्यंतच मिळतो म्हणून. मी हात हलवून त्याला गप्प केलं. श्रीदेवी डब्याकडे एकदा बघून बोरीमागे जाऊन उकिडवी बसली. आत्या चपला काढून बांधावर उभ्या राहिल्या, डबा काखेत, वाजणार नाही असा दाबून. धुकं विरत होतं. माळावर गवत एका ठिकाणी हललं, वारा असेल. श्रीदेवीने तरी मान लांब केली.