एरास्मोचा कप

एरास्मो चोकेला मी कधी पाहिलं नाही, तरी वर्षानुवर्षं आम्ही एकाच पलंगावर झोपलो. छावणीत एक आठवडा त्याचा, एक माझा. माझी बस खाणीवर चढते तेव्हा त्याची खाली आन्तोफागास्ता शहरात उतरलेली असते. काम दोघांचं एकच, टाकीतले किडे जगवायचे. हे डोळ्यांना न दिसणारे जीव इथल्याच दगडातले. टाकीतलं आंबट पाणी आम्ही खनिजाच्या ढिगावर सोडतो. किडे दगडातलं गंधक खातात आणि सुटलेलं तांबं पाण्याबरोबर निळंशार होऊन खाली झिरपतं.

टाकी तो छान ठेवायचा, पण खोलीत मेला घाणेरडा. दर खेपेला चहाचे डाग पडलेला कप खिडकीत तसाच. मी तो घासायचो आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. तेवढंच कुणाशी तरी बोलणं व्हायचं.

या खेपेला कप लख्ख होता. मी मुकादम इग्नासियोला म्हटलं, "सुधारला बघ तुझा एरास्मो!"

"कसला एरास्मो? त्याला काढला. गेल्या आठवड्यापासून त्याच्या पाळीला टाकी यंत्रच बघतंय."

"आणि किडे?"

"त्यांना काय फरक पडतोय? मजेत खातायत."

मी खोलीवर परत आलो. कप लख्ख होता, कारण शेवटचा तो मीच घासला होता. उशीवरचा खळगासुद्धा माझ्याच डोक्याचा होता.