हाकेची रेघ

"असं नाही हो काकू. जरा घाबरून म्हणा ना. घरात काहीतरी झालंय आणि तुम्ही काकांना बोलावताय, असं."

चष्मेवाली मुलगी काचेपलीकडून सांगत होती आणि टेलरकाकू माईकसमोर अवघडून बसल्या होत्या. उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला, नाटक कधी केलं नव्हतं. "अहो, ऐकलंत का," त्या पुन्हा म्हणाल्या, तर ते भाजी आणायला सांगितल्यासारखं निघालं. मुलगी हसली. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि कुठून कोण जाणे, तीच जुनी हाक वर आली.

"अहो! अहो, लवकर या, मी पडलेय हो!"

मुलीचं हसू थांबलं. "झालं काकू. पुरे," ती हळूच म्हणाली.

काकूंचे यजमान लग्नाआधीपासून ध्यान करायचे. गल्लीत त्यांना सगळे 'साधक' म्हणत, तोंडावर कौतुकानं आणि पाठीमागे चेष्टेनं. ध्यानानं मेंदूत काय होतं ते तपासायला या संशोधन संस्थेला मुरलेली माणसं हवी होती. साधकांची निवड झाली आणि स्वारी हवेतच गेली. जवळच्या माणसाचा आवाज हवा म्हणून काकूंनाही बोलावलं होतं.

ती हाक खरी होती. सातवा महिना चालू असताना काकूंचा न्हाणीघरात पाय घसरला होता. साधक शेजारच्या खोलीत ध्यानाला बसलेले. काकू हाका मारमारून थकल्या, साधक उठले ते आपल्या वेळेला. बाळ गेलं. नंतर कूस उजवलीच नाही.

"बहिरा आहे का मेला?" थोरली बहीण कडाडली होती. तिला काकूंनीच गप्प केलं. "ध्यान लागलं होतं गं त्यांचं. ऐकूच गेलं नाही." हेच त्यांनी आईला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, आणि या एका वाक्यावर संसार रेटला. साधक बसले की शिलाई मशीन बंद, भांडी अलगद, दारात खेळणाऱ्या पोरांना दटावणी. आपल्या नवऱ्याचं ध्यान इतकं खोल लागतं, याचा त्यांना थोडा तोराही होता.

आता काकू मुलीशेजारी येऊन बसल्या होत्या, साधक काचेपलीकडच्या खोलीत डोक्याला तारा चिकटवून बसले होते आणि पडद्यावर त्यांच्या मेंदूची रेघ सरकत होती.

"आधी ते श्वासाकडे लक्ष देतील," मुलगी म्हणाली, "मग सगळ्या जिवांचं भलं चिंततील. मधेमधे आपण आवाज सोडायचे."

गाडीचा हॉर्न वाजला. रेघ जरा हलली. कुणा परक्या बाईचा आवाज आला, तेव्हाही तेवढीच. मग काकूंची मघाशी रेकॉर्ड केलेली हाक. रेघ ताडकन उभी राहिली. साधकांची पापणीसुद्धा लवली नाही.

"हे काय झालं?" काकूंनी विचारलं.

"तुमचा आवाज ओळखला त्यांनी!" मुलगी खूश झाली. भलं चिंतण्याची पाळी आली आणि हाक पुन्हा सोडली, तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. "बघा, आता तर आणखी वर गेली!"

"म्हणजे... ऐकू येतं त्यांना?"

"त्यांनाच विचारू की."

तारा निघाल्यावर साधकांनी घडाघडा सांगितलं. हॉर्न, परकी बाई, 'लवकर या, मी पडलेय', शब्द न् शब्द. "सगळं ऐकत होतो. पण ढळलो नाही," ते म्हणाले. मुलीनं कौतुकानं मान डोलावली.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. काकूंनी खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"त्या दिवशी ऐकू आलं होतं तुम्हाला?"

कुठल्या दिवशी, असं साधकांनी विचारलं नाही.

"ऐकणं वेगळं, त्यात गुंतणं वेगळं," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं ते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मी कधी म्हटलं होतं का, ऐकू आलं नाही म्हणून? तूच सांगत सुटलीस सगळ्यांना."

ते खरंच होतं. काकूंना कढत राग आला, त्यांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"कुठलं ध्यान चालू होतं तेव्हा?"

साधकांनी तिकिटाची घडी घातली, उलगडली. "भलं चिंतण्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साधक नेहमीसारखे आसनावर बसले. काकूंनी मशीनवरचं कापड काढलं, दोरा ओवला आणि पाय चालू केला. जुनं मशीन ते, खडखडाटानं घर दणाणलं. थोडा वेळ साधक तसेच बसून राहिले. मग त्यांनी डोळे उघडले.

"अगं, मी बसलोय ना इथे! बंद कर ते."

काकूंनी वर पाहिलं नाही.

"ऐका," त्या म्हणाल्या. "गुंतू नका."

पाय चालूच राहिला. कुणाच्या तरी कुर्त्याची बाही होती, टीप सरळ पडत होती. डोळे भरून आले तशी त्यांनी मान जरा बाजूला घेतली. कापड गिऱ्हाइकाचं होतं, त्यावर डाग पडायला नको होता.