माझ्या डब्यावर ‘कचरा’ लिहिले होते

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. रेडिओ केंद्रातली, तपकिरी रंगाची, करंगळीहून अरुंद. आधीच सांगून टाकते, मी सलग नाही. माझ्या अंगावर दोनशे अकरा जोड आहेत. कोणी त्यांना ठिगळे म्हणते. म्हणेना का! त्या प्रत्येक ठिगळाचा मला अभिमान आहे.

त्या काळी घरोघरी लोक रेडिओभोवती बसून गाणी आणि नाटके ऐकत. मधे मधे जाहिराती लागत. साबणाच्या, शाईच्या, बुटाच्या पॉलिशच्या, गजराच्या घड्याळाच्या. कार्यक्रम पुन्हा लावायचा झाला की त्यातल्या जुन्या जाहिराती कापून काढाव्या लागत. हे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना सगळे कातरकाका म्हणत. कापलेला तुकडा टोपलीत टाकायचा, असा साहेबांचा हुकूम होता. पण काकांचा हात काही टोपलीकडे वळेना. “लोक नाटक विसरतील, पण हे नाही विसरायचे,” असे पुटपुटत ते एकेक तुकडा चिकटपट्टीने जोडत गेले. अशी मी वाढले. साहेबांनी चौकशी करू नये म्हणून काकांनी माझ्या पत्र्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘कचरा’. कचऱ्याला कोण हात लावतो?

माझ्यात एकाहून एक सरस जाहिराती आहेत, पण माझा खरा तोरा आहे तो ‘हसरा दंतमंजन’च्या तुकड्याचा. त्या दिवशी ठरलेली नटी आलीच नाही. वादक खोळंबले, साहेबांना घाम फुटला. शेवटी जाहिरातींचे मजकूर टाइप करणाऱ्या मुलीलाच माइकपुढे उभे केले. मजकूर तिला तोंडपाठ होता. आणि आवाज खणखणीत!

“हसरा घासा, हसत बसा, आरसा म्हणेल, आणखी हसा!”

सुटले बाई एकदाची, अशा आनंदात ती खळखळून हसली आणि हसता हसता नाकातून ‘फुर्र’ असा आवाज निघाला. बिचारी लाजेने लाल झाली. काका म्हणाले, “राहू द्या ते फुर्र. तेच तर सोनं आहे!”

पुढे सात वर्षे घराघरांतली सकाळ त्या ‘फुर्र’ने झाली. ते ऐकल्याशिवाय मुले दात घासत नसत. आजोबांच्या बोळक्यातही हसू फुटे. वा, काय दिवस होते! फक्त केंद्राच्या नोंदवहीत नाव राहिले ते न आलेल्या नटीचे. ते बदलायचे कोणाच्या लक्षातच आले नाही.

मग काका निवृत्त झाले आणि मी भांडारातल्या सगळ्यात खालच्या फळीवर तीस वर्षे धूळ खात पडले. एके दिवशी भांडार रिकामे करायचे ठरले. तिथल्या बाईंनी डब्यावरचा शब्द वाचला आणि मला भंगाराच्या पेटीत टाकले. त्यांचा काय दोष? ज्या शब्दाने मला इतकी वर्षे वाचवले, तोच माझ्या मुळावर आला.

त्याच सकाळी एक आजी नातीला घेऊन आल्या. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती. “‘हसरा’चा आवाज माझाच,” असे त्या घरी सांगत, तर नात म्हणे, “आजी, काहीही थापा मारतेस!” ती स्वतः हसताना तोंडावर हात धरी. वर्गात तिच्या हसण्याची टिंगल होत असे. आजींना एवढेच हवे होते, की नातीने तो आवाज एकदा तरी ऐकावा.

बाईंनी नोंदवही उघडली. “आजी, इथे तर दुसऱ्याच कोणाचं नाव आहे हो.”

आजींचा चेहरा उतरला. नात हळूच म्हणाली, “चल ना, घरी जाऊ.” माझा जीव कासावीस झाला. पण यंत्रावर चढवल्याशिवाय मी बोलणार कशी?

तेवढ्यात आजींची नजर पेटीत गेली. त्यांनी माझ्या डब्यावर बोट ठेवले. “हे काकांचं अक्षर. त्यांनी लिहिलेल्या जाहिरातींच्या याद्या मी रोज टाइप करायची. त्या माणसानं जन्मात कधी कचरा टाकला नाही. लावा हे.”

मला यंत्रावर चढवले. पहिल्या सुरालाच दारातले शिपाई थबकले आणि पुढची ओळ माझ्याआधी म्हणू लागले. साबण, शाई, घड्याळ, सगळे त्यांना पाठ! मग ‘हसरा’ आला. तो खणखणीत आवाज, ते हसू आणि शेवटी ‘फुर्र’.

नातीचा हात सवयीने तोंडाकडे गेला आणि मधेच थांबला. ती मोकळेपणाने हसली. पाठोपाठ खोलीत दुसरे ‘फुर्र’ उमटले.

“आजी! हे तर माझं हसणं!”

“नाही गं, माझं,” आजी डोळे पुसत कुजबुजल्या. “तुला दिलंय. झाकून ठेवू नकोस.”

आज मी काचेच्या कपाटात ऐटीत बसते. लोक मला ऐकायला येतात आणि आपले लहानपण पुटपुटत जातात. म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. कोणतीही जुनी वस्तू टाकण्याआधी तिचे म्हणणे एकदा ऐकून घ्या. माझ्या डब्यावर काकांनी लिहिलेला ‘कचरा’ अजून तसाच आहे. त्याखाली त्या नातीने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘टाकायचा नाही!’