एका मास्कची चिठ्ठी

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही लाँचच्या काठाला रेलून बसला आहात. साल एकोणीसशे बासष्ट. आखातातल्या खैरानचा किनारा मागे पुसट झालाय आणि खाली, दोन पुरुष खोल पाण्यात, प्रवाळांचं रान आहे. तुम्हाला ते बघायचंय. पण वाऱ्याने पाणी हलतंय आणि दिसतंय ते तुमचंच वेडंवाकडं तोंड.

नऊ वर्षांची सईदा अशीच बसली होती. तिचे अब्बा नझीरभाई, रत्नागिरीकडचे, मीना अब्दुल्ला बंदरात एका तेल कंपनीत स्टोअरकीपर. साहेबलोकांनी पाणबुड्यांचा क्लब काढला तेव्हा हवेच्या टाक्या, पाण्याखाली बघायचे काचेचे मास्क, सगळं त्यांच्याच हवाली झालं. सहीच्या चिठ्ठीशिवाय नझीरभाई खिळासुद्धा देत नसत. एकदा तर त्यांनी मोठ्या साहेबांनाच चिठ्ठीसाठी परत पाठवलं होतं. ती हकिकत ते दर ईदला सांगत.

उद्या सईदा आईबरोबर मुंबईच्या बोटीत बसणार होती. पुढची शाळा गावी. समुद्राच्या पोटात डोकावायचं तर आजच. साहेब टाक्या बांधून खाली गेले. पेटीत एक मास्क उरला होता.

“अब्बा, द्या ना! नुसतं तोंड बुडवून बघते.”

“चिठ्ठी?”

“मी तुमची मुलगी आहे!”

“म्हणून तर! परक्याला दिला तर लोक म्हणतील, चुकला बिचारा. तुला दिला तर काय म्हणतील?”

“सही कोण करतं?”

“मोठे साहेब.”

“ते कुठायत?”

नझीरभाईंनी प्रामाणिकपणे पाण्याकडे बोट दाखवलं.

अर्ध्या तासाने साहेब वर आले. प्रत्येकाच्या जाळीत प्रवाळाच्या मोडलेल्या फांद्या. कुणाच्या दिवाणखान्यासाठी, कुणाच्या मेमसाहेबांसाठी.

“क्या जन्नत है, नझीर!” मोठे साहेब धापा टाकत म्हणाले. “इसको बचाना चाहिए. क्लब इधर बोर्ड लगाएगा.”

“अब्बा,” सईदा कुजबुजली, “या फांद्यांची चिठ्ठी?”

“गप. हा माल स्टोअरचा नाही.”

“मग कुणाचा?”

नझीरभाईंनी पेटीचं कुलूप उगाच दोनदा तपासलं. मग सगळा धीर गोळा करून कोरी चिठ्ठी पुढे केली. “साहेब, लडकी के लिए एक मास्क... सही...”

“मास्क क्यों?” साहेब हसले आणि एक फांदी सईदाच्या हातात ठेवली. “ये लो, बेबी. सब इसमें है. चलो, भूख लगी!”

लाँचवाला नांगर ओढू लागला.

“थँक्यू म्हण,” अब्बा म्हणाले. “बघ, न भिजता बघायला मिळालं.”

फांदी जांभळी होती, हाताला बुळबुळीत लागत होती. तिच्या बेचक्यात नखाएवढा खेकडा इकडून तिकडे पळत होता.

सईदाने थँक्यू म्हटलं. मग काठावरून वाकून तिने फांदी अलगद पाण्यात सोडली, एका हाताने अब्बांचा सदरा घट्ट धरला आणि फांदी कुठे जाते ते बघायला उघड्या डोळ्यांनी तोंड खाऱ्या पाण्यात घातलं.