फोटोवर छापलेली वेळ

केदार, माझा नवरा, माझ्या छंदाला ‘डबे लावणं’ म्हणतो. त्याचं चूक नाही. कल्याणच्या बाजारात जुना मिळालेला डिजिटल कॅमेरा, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि हवाबंद डबा, एवढ्यावर माझा जंगल-कॅमेरा तयार होतो. समोरून कोणी गेलं की फोटो निघतो, कोपऱ्यात वेळ छापली जाते. बँकेत मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, म्हणून आपली चूक होत नाही असा माझा समज होता.

येऊरच्या पायथ्याशी आमच्या सोसायटीच्या भिंतीवर असा एक डबा आहे, ओढ्याच्या पायवाटेकडे तोंड करून. महिन्यापूर्वी त्यात बिबट्या आला. सात फोटो, सगळे रात्री दीड ते दोनमधले. माजिवड्याला वालपापडी विकणाऱ्या आवडाबाईला मी ते मोबाइलवर दाखवले. ती आणि पाड्यावरच्या तिघी बिबट्याच्या भीतीने ती वाट टाळून लांबच्या डांबरी रस्त्याने यायच्या, चौघी मिळून, मोठमोठ्याने बोलत. मी अक्कल पाजळली. म्हटलं, “तो दोनच्या आत निघून जातो. पहाटे खुशाल जवळच्या वाटेने या.”

आज रविवारी सकाळी चहा पिताना नवं कार्ड उघडलं. गुरुवारी बिबट्या, १:४१. पुढच्याच फोटोत डोक्यावर पाटी घेतलेली आवडाबाई, १:५०. एवढ्या रात्री ही बाई कुठे निघाली, म्हणून मी आधी हसले. मग डबा बनवतानाची गोष्ट आठवली.

डबा भिंतीवर लावण्याआधी त्याची फट एम-सीलने बुजवली, तेव्हा सुकेपर्यंत चार तास सेल काढून ठेवले होते. सेल काढले की या कॅमेऱ्याचं घड्याळ थांबतं. परत लावताना मी वेळ बघितलीच नाही, घड्याळ चार तास मागेच राहिलं. म्हणजे बिबट्या पावणेसहाला जात होता. आवडाबाई त्याच्यामागून नऊ मिनिटांनी, एकटी, माझ्या शब्दावर.

तिच्याकडे फोन नाही. मी रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला तीनदा म्हटलं, “जरा लवकर घ्या ना.” नाक्यावर आवडाबाई नेहमीच्या जागी शेंगा निवडत बसलेली दिसली आणि जीव भांड्यात पडला. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

“योगिनी मागून येतेय,” ती म्हणाली. “माझी सून. त्याच वाटंनं. अंधारातच निघाली असंल.”

“एकटी?”

“आता सगळ्या एकट्याच येतात. ज्या त्या आपापल्या टायमाला. दोनच्या नंतर भ्या नाय ना.”

आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. नऊ वाजले. एका गिऱ्हाइकाने भाव विचारला, आवडाबाईने त्याच्याकडे न बघताच सांगितला. मला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती.

“तो पहाटंच उतरतो, मला ठावं व्हतं,” आवडाबाई हळूच म्हणाली. “बापूस सांगायचा. पण तुज्या फोटूवर टाइम छापलेला. म्हटलं, आपलंच चुकत असंल.”

साडेनऊला योगिनी रस्ता ओलांडून आली. मला बघून तिचा चेहरा खुलला.

“ताई, नवे फोटो आले? पाड्यावर सगळ्या तुमचं नाव काढतात. सोमवारपासून पोरं बी पहाटं त्याच वाटंनं शाळेत जातात.”