नीटनेटकी प्लेट

धाकटा भाऊ वायरमन होता. विजेच्या खांबावरून पडला आणि डाव्या नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. हाडांच्या डॉक्टरांनी आत सळई घातली, टाके घातले. हाड जुळलंही असतं, पण जखमेत जंतू शिरला आणि निघायचं नाव घेईना. सात आठवड्यांत पाच औषधं झाली. अहवाल आला तेव्हा त्यात प्रत्येक औषधापुढे एकच शेरा होता: निरुपयोगी.

असं का होतं, हे समजायला अवघड नाही. औषधाने लाखो जंतू मरतात, पण त्यातला एखादा तगतो. त्याची पिल्लावळ त्याच्यासारखीच चिवट निघते. दुसरं औषध दिलं की पुन्हा तोच खेळ. शेवटी उरतात ते सगळे तगून आलेले.

थोरली बहीण त्याच इस्पितळाच्या तळमजल्यावर, संशोधनाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. तिथे अशाच जंतूंवर काम चाले. जंतूलाही खाणारा असतो. तो म्हणजे एक विषाणू, जंतूहून कितीतरी लहान. माणसाला तो हात लावत नाही आणि जंतूंच्या बाबतीतही भारी चोखंदळ असतो. एका कुळीचा जंतू फस्त करील, त्याच्या सख्ख्या भावकीला शिवणारसुद्धा नाही. त्याला शोधायचं सांडपाण्यात. जिथे जंतू, तिथे त्यांचा वैरी.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत, जरी उंचीने त्या सगळ्यांत बुटक्या होत्या. असा विषाणू भावाच्या जखमेत सोडायला त्यांनी इस्पितळाच्या समितीकडून परवानगी आणली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे थांबतो. त्यापुढे पाय काढणार. विष रक्तात उतरलं तर पायाबरोबर माणूसही जाईल."

जखमेतला पू थोरलीने स्वतः घेतला. तारेच्या कडीने, जंतूंचं खाद्य भरलेल्या प्लेटवर त्याच्या रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी प्लेटभर कॉलन्या, म्हणजे जंतूंच्या वस्त्या, उगवलेल्या होत्या. बहुतेक ओल्या, बुळबुळीत, एकमेकींत मिसळून गेलेल्या. कडेला दोन-तीन कोरड्या, सुट्या, टिकलीसारख्या गोल. थोरलीने त्यातली एक उचलली आणि नव्या प्लेटवर लावली. सुटी, गोल कॉलनी उचलायची, हा तिथला पहिला धडा. सरमिसळ झालेल्या वस्तीत कोण कोण आहे, हे कळत नाही.

मोठ्या बाईंनी नवी प्लेट उजेडात धरली. "कल्चर शुद्ध आहे?"

"हो. सगळ्या एकसारख्या आल्यात."

"तुझ्या प्लेटा म्हणजे रांगोळी गं. बाकीच्यांना दाखव जरा."

मग पाण्याची शोधाशोध सुरू झाली. इस्पितळामागचा नाला, सांडपाण्याच्या केंद्राची टाकी, गोठ्यांमागचं डबकं. थोरली बाटल्या भरून आणी, पाणी गाळी आणि भावाच्या जंतूंच्या थरावर एक-एक थेंब सोडी. रोज त्या जंतूंना ताज्या प्लेटवर नवं खाद्य द्यावं लागे.

संध्याकाळी ती वर वॉर्डात गेली की भाऊ नाक धरी. "आली बघा गटारवाली! ताई, लांबूनच बोल हं."

"तुझ्यासाठीच फिरते रे गाढवा."

"माझ्यासाठी कुठे? माझ्या जंतूंना वेळेवर ताजं जेवण, गरम पेटीत झोप. आणि मला काय? सलाईन."

भावजय उशाशी बसून पायाची पट्टी बदलण्याची वाट बघत असे. ती हसत नसे. "ताई, खरंच सापडेल का हो?" एवढंच विचारी.

"सापडेल," थोरली म्हणे.

अकराव्या दिवशी सापडला. सांडपाणी केंद्राच्या थेंबाखाली जंतूंच्या दाट थरात स्वच्छ, आरपार भोक पडलं होतं. तिथले सगळे जंतू मेले होते. मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या. "अगं, कसला खादाड आहे हा!" प्रयोगशाळेने त्या विषाणूचं नाव गटारकर ठेवलं. गटारकरांना वाढवायला, गाळायला, स्वच्छ करायला आणखी पाच दिवस गेले. सतराव्या दिवशी पहिला डोस नळीवाटे जखमेत गेला.

ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पू वाढला आणि भाऊ थट्टा करायचा थांबला.

थोरलीने जखमेतून नवा नमुना घेतला. विसाव्या दिवशी सकाळी तिने प्लेट उघडली तेव्हा ती ओल्या, बुळबुळीत कॉलन्यांनी भरलेली होती. कडी टेकवून वर उचलली तर शेंबडासारखा धागा हातभर ओढला गेला. त्याच जंतूंच्या थरावर तिने गटारकरचा थेंब सोडला. दुपारपर्यंत थर दाट झाला. भोक नव्हतं. टाचणीच्या टोकाइतकंसुद्धा नव्हतं.

तिने आपली जुनी प्लेट शेजारी ठेवली. कोरड्या, सुट्या, गोल कॉलन्या. रांगोळी.

मोठ्या बाईंनी दोन्ही प्लेटा उजेडात धरल्या. हा जंतू अंगाभोवती चिकट लेप करतो. तो लेप म्हणजे त्याचं चिलखत. काही थोडे मात्र चिलखत टाकून देतात आणि त्यांच्या कॉलन्या कोरड्या दिसतात. थोरलीने नेमका तसलाच एक उचलला होता. त्याचीच पिल्लावळ तिने रोज नव्या प्लेटवर वाढवली आणि वैरी शोधला तोही त्याच्याचसाठी. जखमेत होते ते बहुतेक सगळे चिलखतवाले.

"पहिल्या दिवशी दोन्ही होत्या," थोरली म्हणाली. "ओल्या जास्त होत्या. मी पाहिल्या होत्या."

"मीही विचारलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "शुद्ध आहे का, एवढंच विचारलं."

"ओल्यांसाठी शोधायला किती दिवस?"

"तुला माहीत आहे किती."

डॉक्टरांकडे एक दिवस होता. ते वर वॉर्डात कागद घेऊन आले. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, रक्तात जंतू दिसायला लागलेत, उद्या सकाळी. "नवा उपचार होता, लागू पडला नाही," त्यांनी भावजयीला समजावलं. "प्रत्येकाला लागू पडतोच असं नाही."

थोरली काही बोलली नसती तर तेवढ्यावर भागलं असतं. डॉक्टर मनापासून बोलत होते आणि भावजय मान हलवत होती. भावाने पेनसाठी हात पुढे केला.

"थांब," थोरली म्हणाली. "आधी ऐक. उपचार चुकला नाही. मी चुकले."

तिने सगळं सांगितलं. ओल्या कॉलन्या, कोरड्या कॉलन्या, चिलखत. पोराला गणित समजावून सांगावं तसं, पायरी-पायरीने. डॉक्टर खिडकीकडे बघत राहिले.

"म्हणजे वीस दिवस तुम्ही दुसऱ्याच जंतूवर काम करत होतात?" भावजयीने विचारलं.

"त्यातल्याच, पण..."

"पण पायातल्यावर नाही."

"नाही."

"आणि मी रोज विचारत होते. सापडेल म्हणत होतात तुम्ही." तिने पदराने तोंड पुसलं. "आधीच नाही म्हणाला असतात तर दुसऱ्या इस्पितळात नेलं असतं. काहीतरी केलं असतं. तुमच्या भरवशावर बसलो आम्ही."

"अगं, पुरे," भाऊ म्हणाला.

"का पुरे? खांबावर कोण चढणार आता? ह्या चढणारेत?"

भावाने सही केली. अक्षर ओळखू येण्यासारखं नव्हतं. कागद परत देताना तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर, नखं वाढलीत त्या पायाची. कापून घेऊ का आता, की राहू देऊ?" कुणी हसलं नाही. तोही हसला नाही.

पाय गेला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

थोरलीने काम सोडलं नाही. ओल्या कॉलन्या घेऊन ती पुन्हा नाल्यावर गेली, टाकीवर गेली. रोज संध्याकाळी वॉर्डात जाई. भावजय तिला आता ताई म्हणत नसे. "जरा सरका", "तिकडून धरा", असंच काहीतरी म्हणे. दोघी मिळून त्याला उठवून बसवत. मोठ्या बाईंनी प्रयोगाची नोंद लिहायला घेतली तेव्हा थोरलीने चूक स्वतःच्या हाताने लिहून दिली, तारखेसकट.

टाके काढले त्याच दिवशी ओल्या कॉलन्यांचा वैरी सापडला. थोरलीने फोनवर प्लेटचा फोटो काढला होता, पण वर गेल्यावर तो दाखवायचं तिला धाडस होईना. भावानेच विचारलं, "सापडला वाटतं?"

"तुला कसं कळलं?"

"तोंडावरून. दाखव."

त्याने फोन जवळ धरला. पिवळट थरात मोहरीएवढी भोकं होती.

"एवढंसं?"

"एवढंच असतं."

"हा पहिल्यांदाच सापडला असता तर पाय राहिला असता?"

"कदाचित."

"कदाचित नको. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

थोरलीने बराच विचार केला. हो म्हटलं तर त्याला जन्मभर ते वीस दिवस मोजत बसावं लागणार होतं. नाही म्हटलं तर तिची सुटका होणार होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

त्याने फोन उपडा करून चादरीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती उठली नाही. जेवणाची गाडी वॉर्डात शिरेपर्यंत ती तशीच स्टुलावर बसून होती. मग उठून तिने त्याचं ताट घेतलं आणि त्याच्या हाताला येईल असं ठेवलं.