बारा हातांचा दोर

मित्रांनो, सूर्यमाळच्या एका पाड्यावर, कुडाच्या भिंतीतल्या खुंटीला मी टांगलेला आहे. बारा हातांचा, अंबाडीचा जुना दोर. भिकाने अंगणात बसून मला वळले, तेव्हा त्याला एवढेच माहीत होते की पोरीला पाणी मोजायला दोर हवा आहे.

त्याची पोर म्हणजे रामी. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने जुन्या लुगड्याचा तांबडा काठ फाडला आणि हाता-हातावर एकेक चिंधी माझ्या पिळात घट्ट बसवली. टोकाला दगड बांधला. मला विहिरीत तळापर्यंत सोडायचे, वर ओढायचे आणि मी किती हात भिजलो ते वहीत लिहायचे, असे ते काम होते.

काम आणले जयवंतीने. ती जव्हारच्या एका कारकुनाची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. साल होते दोन हजार तीन. एक संस्था दोन विद्यार्थ्यांना सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला केनियात पाठवणार होती, तिथल्या कोरड्या गावांत पाण्याचे काम शिकायला. अट अशी की आधी आपल्या भागातल्या एका विहिरीचे पाणी तीन महिने रोज स्वतः मोजायचे. मोजणी नीट झाली तर ती विहीरही संस्था खोल करून देणार होती.

परीक्षेमुळे जयवंतीला रोज येणे जमेना. ती रविवारच्या एसटीने यायची. बाकीचे सहा दिवस रामी मोजायची. आईबाप वीटभट्टीवर निघाले, तेव्हा ती त्यासाठीच काकूकडे मागे राहिली.

"अहवालावर दोघींची नावं लागतील," जयवंती म्हणाली. "तुझं आधी."

"माझा नाव केनियाला जाईल?" रामी हसली.

रविवारी दोघी विहिरीच्या कडेला बसून नाचणीची भाकर खायच्या. मग जयवंती मुलाखतीत इंग्रजीतून काय बोलायचे ते रामीसमोर पाठ म्हणून दाखवायची. रामीला अर्थ कळत नसे, पण जयवंती कुठे अडखळली ते ती बरोबर सांगायची.

मे महिन्यात जयवंतीने मला पिशवीत घालून मुलाखतीला नेले आणि टेबलावर ठेवले. संस्थेच्या साहेबांनी चिंध्या चाचपून पाहिल्या.

"या खुणा कुणी केल्या?"

"मीच, सर."

"आणि रोजची मोजणी?"

"तीही मीच केली. पाड्यावर मैत्रिणीकडे राहत होते."

मला वाटले, आता ती थांबेल आणि खरे सांगेल. तिने वही पुढे सरकवली. ती रामीची वही नव्हती. सगळे आकडे नव्या वहीत उतरवलेले होते आणि पहिल्या पानावर एकच नाव होते.

पुढच्या आठवड्यात साहेब जयवंतीला आणि मला घेऊन विहीर बघायला आले.

"जयवंती इथे रोज मोजायची ना?" त्यांनी रामीला सहज विचारले.

रामीने जयवंतीकडे पाहिले. जयवंतीने मान खाली घातली. मी पुन्हा रामीच्या हातात आलो होतो, तिची मूठ माझ्यावर आवळली गेली.

"हो. तीच मोजायची," रामी म्हणाली.

साहेब जीपकडे वळल्यावर जयवंती जवळ आली. "रामी, तू मला वाचवलंस."

"तुझ्यासाठी नाय बोलली. खरा सांगितला असता, तर विहीर गेली असती."

"तिकडून आले की मी सगळ्यांना सांगेन."

"साहेब आज इथं होता. आज का नाय सांगितला?"

जयवंती जीपमध्ये जाऊन बसली. जूनमध्ये ती केनियाला गेली. तिची दोन पत्रे आली. रामीने दोन्ही वाचली, उत्तर एकाचेही दिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर खोल झाली, चांगली अठरा हात. पाड्याला जूनपर्यंत पाणी पुरले. मी मात्र अपुरा पडलो, माझा दगड तळाला टेकेना. भिकाने नवा, लांब दोर वळला. कुणी सांगितलेले नसतानाही रामी अजून मोजते आणि लिहिते. आता ती वही कुणाच्या हातात देत नाही.

मित्रांनो, अपुरा पडल्याचे मला दुःख नाही. विहीर खोल व्हावी म्हणूनच मला वळले होते. पण त्या दिवशी मी टेबलावर होतो, सगळे ऐकत होतो, आणि मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. तुमच्या कामाला कुणाचे हात लागले असतील, तर विचारणारा समोर बसलेला असतानाच त्यांचे नाव सांगा.